सोळावा

मतदानयंत्राच्या एका पाटीवर सोळा बटणं असतात. २०१३ पासून शेवटचं बटण ‘नोटा’ला गेलं, म्हणजे माणसांना उरली पंधरा. पंधरापर्यंत उमेदवार असले की निवडणूक एका पाटीत मावते. सोळावा उभा राहिला की प्रत्येक केंद्रावर दुसरी पाटी न्यावी लागते. आमच्या भागात केंद्र म्हणजे काय, हेही सांगायला हवं. डांबरी सडक संपते, मग बैलबंडीची वाट लागते, ती नाल्यात उतरते, नाल्यापलीकडे पायवाट असते आणि पायवाट जिथं दमते तिथं दोन खोल्यांची शाळा असते. ते केंद्र. मी एकतीस वर्षं मास्तरकी केली आणि त्या काळातल्या बऱ्याच निवडणुका अशा शाळांमधून पार पाडल्या. त्यांतल्या दोन वेळा ती दुसरी पाटी माझ्या खांद्यावर होती.

ज्याच्यामुळे होती, तो माझ्या घरासमोर राहतो.

त्याचं नाव सांगत नाही आणि मतदारसंघही सांगत नाही. सांगितला तर तुम्ही यादी काढून शोधत बसाल. न सांगताही शोधलंत तरी हरकत नाही, कारण चंद्रपूर-गडचिरोलीतली कुठलीही यादी घ्या, तळाकडे तो असतोच. गाव त्याला भाऊ म्हणतं. निवडणूक शाखेतले कारकून त्याला ‘सोळावा’ म्हणतात, आणि ते त्याला ठाऊक आहे. पंधरा जण असोत की नऊ, आपण सोळावे, हे त्यानं मान्य करून टाकलंय.

भाऊचं वय साठीच्या घरात. पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं, हातात पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा. तोंडात खर्रा असल्यामुळे त्याचं कुठलंही वाक्य लगेच सुरू होत नाही. आधी तो उठून ओट्याच्या कडेला जातो, मग येऊन बोलतो. त्यामुळे त्याच्या बोलण्याला नसलेलं वजन येतं. आचारसंहिता लागली की तो खर्रा सोडतो आणि मतमोजणीच्या दिवशी दुसऱ्या फेरीनंतर पुन्हा धरतो. वहिनी म्हणतात, दर सहा महिन्यांनी निवडणूक झाली तर माणूस सुधरेल.

भाऊ जन्मानं अपक्ष नाही. बावीस वर्षं त्यानं एका पक्षाच्या सतरंज्या उचलल्या. एका विधानसभेला तिकीट तुलाच, असं त्याला दोन नेत्यांनी वेगवेगळं सांगितलं आणि तिसऱ्यानं नागपूर विमानतळावरून फोन करून सांगितलं. अर्ज भरायच्या आदल्या रात्री एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीचं पत्र, घेऊन गाडी आली. तिच्यातून उतरला तो आठ दिवसांपूर्वी दुसऱ्या पक्षातून आलेला गृहस्थ. भाऊनं त्याच्या स्वागताची सतरंजी अंथरली, घरी आला आणि सकाळी स्वतःचा अर्ज भरला.

हे सांगताना तो वडशाच्या नाटकांचा दाखला देतो. झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र रात्र नाटकं रंगतात. मंडळ इथलं, तबलजी इथला, पडदा ओढणारा इथला. पण पोस्टरवर कधी कधी मोठा फोटो मुंबईच्या पाहुण्या नटाचा असतो. “नाटकात चालते जी,” भाऊ म्हणतो. “थो पाहुना सकाळी पैसे घेऊन चालला जाते. हा पाच वर्सं बसते ना.”

एवढ्यावर भाऊ नुसता रुसलेला कार्यकर्ता राहिला असता. त्याला तत्त्वज्ञान मिळालं ते अमेरिकेतून. त्याचा भाचा न्यू जर्सीत एडिसनला असतो. एका रविवारी फोनवर तो सहज म्हणाला, “मामा, इकडे पक्षाचा उमेदवार कोण, ते पक्षाचे मतदारच मतदान करून ठरवतात. त्याला प्रायमरी म्हणतात.” त्या रात्री भाऊ झोपला नाही. सकाळी सात वाजता माझ्या दारात हजर.

“मास्तर, तिकिटासाठी मतदान! कोनाच्या बंगल्यावर जाऊन बसा लागत नाही!”

त्यानंतर वर्षभर भाचा अमेरिका सांगत होता आणि भाऊ तिचं चंद्रपुरी भाषांतर करून मला ऐकवत होता. आयोवा राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची माणसं २०२० पर्यंत शाळेच्या हॉलमध्ये जमत आणि ज्याचा माणूस त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहत. ज्याच्या कोपऱ्यात फारच कमी, त्याच्या लोकांना दुसऱ्या कोपऱ्यात जायची मुभा. “ग्रामसभा हाय!” भाऊ म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, “पन आपल्या मेंढा-लेखासारखी नाही. तिथं सारे एकमतानं ठरवतेत. तिथं माह्यासारख्याचं कामच नाही.” धानोरा तालुक्यातल्या त्या गावाबद्दल जगभरातून लोक येऊन लिहून गेले, पण तिथली ही उणीव फक्त भाऊच्याच ध्यानात आली.

त्याला सगळ्यात आवडली ती १९६८ ची गोष्ट. लिंडन जॉन्सन गादीवर बसलेला राष्ट्राध्यक्ष. न्यू हॅम्पशरच्या प्रायमरीत त्याच्याच पक्षाचा युजीन मॅकार्थी व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध उभा राहिला. मॅकार्थी हरला, पण बेचाळीस टक्के मतं घेऊन हरला. तीन आठवडेही झाले नाहीत तोच जॉन्सननं टीव्हीवर येऊन सांगितलं, मी पुन्हा उभा राहत नाही. ही गोष्ट भाऊ मला निदान वीस वेळा सांगून चुकला असेल. “हारला! अन् हारून राष्ट्राध्यक्षाले घरी बसवलं. आपल्याइथं हारलेल्याले कोनी चहा पाजते का?”

मी त्याला वर्ध्याची आठवण दिली. आपल्याकडे हा प्रयोग झाला होता, आणि तोही शेजारी. २०१४ च्या लोकसभेआधी राहुल गांधींच्या कल्पनेवरून काँग्रेसनं देशातल्या मोजक्या जागांवर प्रायमरी घेतली. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. वर्ध्याचं तिकीट मिळालं सागर मेघे यांना. तेव्हाचे खासदार होते दत्ता मेघे. सागर हे त्यांचे चिरंजीव. पुढे वर्धा, लातूर, दोन्ही जागा काँग्रेस हरली आणि प्रयोगाची सतरंजी गुंडाळली गेली. भाऊनं हे ऐकून घेतलं, ओट्याच्या कडेला जाऊन आला आणि म्हणाला, “म्हंजे यंत्र अमेरिकेचं आनलं अन् धान आपलंच टाकलं.”

पण अमेरिकेवरचं त्याचं प्रेम टिकलं नाही. पहिला तडा भाच्याच्या पाळीनं दिला. प्रायमऱ्या साऱ्या देशात एका दिवशी होत नाहीत. आयोवा, न्यू हॅम्पशर वर्षाच्या सुरुवातीला. न्यू जर्सीची पाळी जूनमध्ये. तोवर पुढे कोण आहे हे बहुधा ठरून गेलेलं असतं, बाकीचे उमेदवार घरी बसलेले असतात. “म्हंजे तू जिवतीले राह्यतो म्हन ना!” भाऊ फोनवर ओरडला. मग त्यानं भाच्याला जिल्ह्याच्या टोकावरच्या त्या जिवतीची खरी थोरवीही सांगितली: पहाडावरची ती चौदा गावं, ज्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही हक्क सांगतात, जिथले लोक दोन राज्यांच्या यादीत आहेत आणि दोन्हीकडे मतदान करत आलेत. “अमेरिकेत हाय का अशी सोय?”

दुसरा तडा मोठा होता. भाऊनं विचारलं, प्रायमरी हरल्यावर अपक्ष म्हणून अर्ज भरायची मुदत किती असते? भाचा म्हणाला, मामा, तसं करता येत नाही. तिकडच्या बहुतेक राज्यांत कायदाच आहे, की प्रायमरीत हरलेल्या माणसाचं नाव पुढच्या मतपत्रिकेवर अपक्ष म्हणून येणार नाही. रडक्या गड्याला दुसरा डाव नाही. फोन ठेवल्यावर भाऊ बराच वेळ गप्प होता. घरचं माणूस परकं निघावं तसा चेहरा. “बंडखोरी नाही,” तो हळू आवाजात म्हणाला. “मंग कायची लोकशाही?”

मला वाटतं त्या दिवशी त्याचं खरं मत बाहेर पडलं. प्रायमरी त्याला हवी होती ती जिंकायला नव्हे, हरल्यावर सांगायला एक जास्तीची जागा म्हणून. पण त्यातही तो अगदीच चुकीचा नाही. आपल्याकडे उमेदवार ठरवायचा प्रश्न लोकांना विचारतच नाहीत, म्हणून लोक त्याचं उत्तर शेवटच्या परीक्षेत लिहितात. बंडखोराचं बटण दाबणं ही आपली प्रायमरी. फक्त ती खऱ्या निवडणुकीच्याच दिवशी होते, त्यामुळे पक्षाला सुधारायला वेळ मिळत नाही.

क्वचित मिळतोही. २०१९ च्या लोकसभेला काँग्रेसनं चंद्रपुरात आधी विनायक बांगडे यांचं नाव जाहीर केलं. जिल्ह्यात आरडाओरड झाली, प्रदेशाध्यक्षांचं फोनवरचं हताश बोलणं बाहेर फुटलं, आणि नाव बदलून ते बाळू धानोरकरांना गेलं, जे त्याच महिन्यात शिवसेना सोडून आले होते. धानोरकर जिंकले, त्या वर्षी महाराष्ट्रात काँग्रेसला मिळालेली तेवढी एकच जागा. भाऊ या प्रकाराला ‘चंद्रपूरची प्रायमरी’ म्हणतो. मतदान झालं नाही, नुसता गलका झाला, पण काम झालं.

आता त्याच्या खऱ्या धंद्याबद्दल. भाऊ मतं खातो, असं सगळे म्हणतात. कुणाची खातो, यावर मात्र एकमत नाही. याचे लोक म्हणतात त्यानं उभा केला, त्याचे लोक म्हणतात यानं. अर्ज भरल्यापासून मागं घ्यायच्या दिवशी दुपारी तीन वाजेपर्यंत भाऊ जिल्ह्यातला सर्वांत महत्त्वाचा माणूस असतो. दोन्हीकडच्या गाड्या आमच्या गल्लीत येतात. एरवी नळाला पाणी नाही म्हणून जिथं कोणी फिरकत नाही, तिथं विधान परिषदेचा आमदार दार वाजवून विचारतो, “भाऊ हायेत का घरी?” भाऊ घरी नसतात. भाऊ फोन बंद करून सिरोंच्याकडे साडूच्या घरी बसलेले असतात. तीन वाजून पाच मिनिटांनी फोन सुरू होतो. त्यानंतर गल्लीत एक सायकलसुद्धा येत नाही.

एकदा मात्र त्यानं अर्ज मागं घेतला होता. का घेतला, यावर तो तत्त्व सांगतो. त्याच्या अंगणातली बोअर त्याच उन्हाळ्यातली आहे. वहिनी त्या बोअरचं पाणी सगळ्या गल्लीला देतात, म्हणून आम्हीही तत्त्वावरच समाधान मानतो.

चिन्हांचंही त्याचं शास्त्र आहे. आयोगाच्या मोकळ्या चिन्हांतून तीन पसंत्या द्यायच्या असतात. भाऊला एकदा खाट मिळाली, आणि निकालानंतर महिनाभर लोक विचारत होते, भाऊ, कुठल्या कुशीवर? २०२४ ला साताऱ्यात शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि एका अपक्षाला मिळाली नुसती पिपाणी. त्या अपक्षाला सदतीस हजारांवर मतं पडली; पवारांचे उमेदवार शशिकांत शिंदे हरले ते बत्तीस हजार सातशे एकाहत्तर मतांनी. त्या दिवसापासून भाऊ चिन्हांची यादी सातबारा वाचावा तशी वाचतो.

मी त्याला गणित घालून पाहिलं. २०१९ ला वंचित बहुजन आघाडी आमच्या दोन्ही मतदारसंघांत उभी होती. गडचिरोली-चिमूरला रमेशकुमार गजबेंना एक लाख अकरा हजारांच्या वर मतं मिळाली आणि काँग्रेस साडेसत्त्याहत्तर हजारांनी हरली. सगळे म्हणाले, वंचितनं मतं खाल्ली. शेजारच्या चंद्रपुरात राजेंद्र महाडोळेंना एक लाख बारा हजार मिळाली, आणि तिथं काँग्रेस चव्वेचाळीस हजारांनी जिंकली. तिथं वंचितनं काय खाल्लं? मला उत्तर येत नाही. भाऊला येतं. “मास्तर, मत म्हंजे काय कोनाच्या ताटातली भाकर हाय का? ज्याले माह्यावर शिक्का मारायचा हाय, थो मी नसतो तर मोहफुलं येचाले गेला असता.”

याच मुद्द्यावर त्याचा राल्फ नेडरवर फार जीव. २००० साली फ्लोरिडात बुश आणि गोर यांच्यात अंतर पडलं ५३७ मतांचं, आणि ग्रीन पक्षाच्या नेडरला त्या एका राज्यात ९७,४८८ मतं. आठ वर्षं राहिलेला राष्ट्राध्यक्ष त्या अंतरातून निघाला. अमेरिकेतले गोरचे लोक नेडरचं नाव निघालं की अजूनही कपाळाला आठ्या घालतात. भाऊ म्हणतो, फ्लोरिडात पाचशे सदतीस माणसं घरून निघालीच नाहीत, त्यांना कोणी काही म्हणत नाही. निघून रांगेत उभा राहिला त्याला शिव्या. रॉस पेरोबद्दल त्याला आदर आहे, पण वेगळा. १९९२ साली पेरोला देशात एकोणीस टक्के मतं पडली आणि इलेक्टोरल मत एकही मिळालं नाही. भाऊनं लगेच हिशेब केला: आपल्याकडे वैध मतांच्या एकषष्ठांशाहून जास्त मतं पडली की अनामत परत. “पेरोचं डिपॉझिट वाचलं असतं,” तो समाधानानं म्हणाला. स्वतःचं त्याला अजून एकदाही वाचवता आलेलं नाही. लोकसभेला पंचवीस हजार, विधानसभेला दहा. वहिनी त्याला ‘वर्गणी’ म्हणतात.

१९१२ चा थिओडोर रूझवेल्ट ऐकवला तेव्हा तर तो हसतच सुटला. माजी राष्ट्राध्यक्ष, प्रायमऱ्या यानं जास्त जिंकलेल्या, तरी पक्षानं तिकीट गादीवरच्या टाफ्टला दिलं. हा वेगळा पक्ष काढून उभा राहिला, दुसरा आला, टाफ्ट तिसरा फेकला गेला आणि विल्सन निवडून आला. “हे तं अहेरी हाय!” भाऊ म्हणाला. अहेरीला २०२४ मध्ये धर्मरावबाबा आत्राम एका राष्ट्रवादीतून, त्यांची मुलगी भाग्यश्री दुसऱ्या राष्ट्रवादीतून आणि पुतणे अम्ब्रीशराव अपक्ष. एकाच घरातली तिन्ही बटणं एकाच पाटीवर. फरक एवढाच, की तिथं गादीवरचाच जिंकला, पुतण्या दुसरा, मुलगी तिसरी. भाऊच्या मते विल्सन कोण ते अहेरीला अजून ठरायचंय.

भाऊच्या देव्हाऱ्यात दोन माणसं आहेत. एक लाल श्यामशहा, जे १९६२ साली चांद्याहून अपक्ष खासदार झाले, अख्ख्या देशात काँग्रेसचं राज्य असताना. दुसरे किशोर जोरगेवार. २०१९ ला तिकीट हुकलं, दोनशे युनिट वीज माफ करा म्हणत अपक्ष उभे राहिले आणि चंद्रपुरातून बहात्तर हजारांच्या फरकानं आले. वीज आमच्या जिल्ह्यात पिकते, राख आमच्या अंगणात पडते आणि बिलही आम्हालाच येतं, हे मोठ्या पक्षांना सुचलं नव्हतं. २०२४ ला जोरगेवार भाजपमध्ये गेले आणि पुन्हा निवडून आले. भाऊनं त्यांचा फोटो भिंतीवरून काढला नाही, फक्त थोडा खाली टांगला.

भाऊकडे एक निळी फाइल आहे. तिच्यात नमुना वीस. कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं, याचा हा सरकारी तक्ता; पुढारी एकूण बेरीज पाहून फेकून देतात, भाऊ रामायण वाचावं तसा वाचतो. एका लोकसभेनंतर तो फाइल घेऊन माझ्याकडे आला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. जंगलाच्या पोटातला एक टोला. भाऊ तिथं कधी गेला नव्हता, त्याचं पत्रकही गेलं नव्हतं. त्याच्या नावापुढे आकडा होता १.

“ह्या केंद्रावर केंद्राध्यक्ष तुमीच होते ना, मास्तर?”

होतो. दुसरी पाटी मीच तिथं वाहून नेली होती, आणि भाऊच्या बटणावर दिवसभरात एकदाच कोणीतरी बोट टेकवलं असेल. पण कुणी, ते मला ठाऊक नव्हतं आणि असतं तरी सांगितलं नसतं. भाऊनं ऐकलं नाही. तोवर मी निवृत्त झालो होतो. मार्चच्या शेवटी, मोहाची फुलं टपकायला लागली होती, तेव्हा त्यानं मला मोटरसायकलच्या मागं बसवून तिथं नेलं. गावकरी मोहाखाली टोपल्या घेऊन बसले होते. भाऊनं पाणी प्यायलं, खर्रा वाटला आणि सरळ विचारलं, मले मत कोनी देल्लं?

म्हाताऱ्या गावपाटलानं हात वर केला. मग त्याच्या सुनेनं. मग बांबूच्या कामावरून आलेल्या दोन पोरांनी. असं करता करता एका मताचे नऊ धनी निघाले. भाऊनं नऊही नावं वहीत लिहून घेतली, प्रत्येकाला रामराम घातला. परतताना नाल्यात गाडी ढकलत असताना मी म्हटलं, भाऊ, आठ जण तरी खोटं बोलले.

“बोलले ना,” तो म्हणाला. “पन माह्या बाजूनं बोलले.”

अपक्षाच्या अर्जाला दहा सूचकांच्या सह्या लागतात. पुढच्या लोकसभेला भाऊनं अर्ज भरला तेव्हा नऊ सूचक त्या टोल्यावरचे होते. त्यांना आणायला त्यानं भाड्याची गाडी केली होती. दहावी सही माझी आहे. निकालानंतर नमुना वीस आला, तेव्हा त्या केंद्रावर भाऊच्या नावापुढे आकडा होता २. मतं दुप्पट झाली, असं तो सगळ्यांना सांगतो.